पाय लुळा, एमआरआय नॉर्मल: एफएनडीच्या रुग्णाचं निदान आणि पुनर्वसन

चाळिशीतला एक गवंडी. परांचीवरून पाच-सहा फूट खाली पडला, कंबरेला मुका मार लागला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उजवा पाय उचलेना. तीन महिन्यांनी तो आमच्या ओपीडीत आला, तेव्हा भाऊ आणि मेहुणा त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून आणत होते. पिशवीत कंबरेचे दोन एमआरआय, मेंदूचा एक, नसांची तपासणी. सगळं नॉर्मल. तीन ठिकाणी त्याला एकच वाक्य ऐकवलं होतं, "तुम्हाला काहीही झालेलं नाही." त्याच्या बायकोने मला विचारलं, "काही झालं नाही, तर हे चालत का नाहीत, डॉक्टर?"

तिचा प्रश्न बरोबर होता, आणि तीन ठिकाणी मिळालेलं उत्तर चुकीचं. त्याला आजार झाला होता: फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर, थोडक्यात एफएनडी. यात मेंदू आणि नसांची रचना शाबूत असते, पण हालचाल, संवेदना, बोलणं किंवा शुद्ध यांवरचं नियंत्रण बिघडतं. जुन्या पुस्तकांत याला हिस्टेरिया म्हणत. तो शब्द ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या शब्दावरून आला आणि त्याने शतकानुशतकं बायकांना बदनाम केलं. हा गवंडी पुरुष होता, त्याच्या घरात भांडण नव्हतं, कर्जाचा तगादा नव्हता. तरी पाय लुळा होता.

तालुक्याच्या गावी काम करणारे फिजिशियन, जनरल प्रॅक्टिशनर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी हे लिहितो आहे. एफएनडीचं निदान रिपोर्ट कोरे आले म्हणून करायचं नसतं. तपासताना हाताला काय सापडलं त्यावरून ते करायचं असतं. आणि जे सापडलं तेच रुग्णाला दाखवलं, की उपचार तिथेच सुरू होतो.

पायरी १: आधी पूर्ण ऐकून घ्या

पहिली दहा मिनिटं सगळ्या तक्रारींची यादी करा. पाय लुळा आहे हे दिसतंच, पण थकवा, अंगदुखी, झोप, विसराळूपणा, चक्कर, लघवीची तक्रार हेही विचारा. यांतला थकवा आणि वेदना पुष्कळदा पायापेक्षा जास्त त्रास देतात. मग "सकाळी उठल्यापासून दिवस कसा जातो?" असं विचारा. दिवसभर खाटेवर पडून असलेल्या माणसाचं पुनर्वसन वेगळं असतं आणि कसंबसं कामावर जाणाऱ्याचं वेगळं.

सुरुवात नेमकी कशी झाली यावर रेंगाळा. बहुतेक वेळा शरीरालाच काहीतरी झालेलं असतं: पडणं, मुरगळणं, ताप, अर्धशिशी, चक्कर येऊन पडणं, शस्त्रक्रिया, छातीत धडधडून आलेली भीती. त्या क्षणी "अंग आपलं नाही" किंवा "सगळं लांब गेल्यासारखं" वाटलं का, हे विचारा. आपणहून हे सांगताना लोक लाजतात, कारण आपल्याला वेडं ठरवतील अशी भीती असते.

"टेन्शन आहे का?" हा प्रश्न पहिल्या भेटीत पहिला नको. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये डीएसएम या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा निदानासाठी मानसिक ताण सापडलाच पाहिजे ही अट काढून टाकली आणि तपासणीतल्या ठोस खुणांना महत्त्व दिलं. ताण काहींना असतो, काहींना नसतो. मात्र रुग्ण बाई असो की पुरुष, एकदा तरी नातेवाइकांना बाहेर बसवून एकट्याशी बोला आणि घरी मारहाण किंवा जबरदस्ती होते का, हे विचारा. सासरच्यांच्या समोर याचं खरं उत्तर मिळत नाही. त्याहून खोलात पहिल्याच दिवशी जाऊ नका.

शेवटी दोन प्रश्न: आधीच्या डॉक्टरांनी काय सांगितलं? तुम्हाला स्वतःला काय झालं असावं असं वाटतं? गवंड्याला वाटत होतं, मणक्यातली नस तुटली आहे आणि एमआरआयमध्ये ती दिसली नाही. हे मला कळलं नसतं, तर माझं पुढचं सगळं बोलणं वाया गेलं असतं.

पायरी २: ठोस खुणा शोधा

सगळ्यांत उपयोगी खूण हूवरची. चार्ल्स हूवर या अमेरिकन डॉक्टरांनी १९०८ मध्ये तिचं वर्णन केलं. ती काढायला फक्त तुमचे दोन हात लागतात.

रुग्णाला उताणं झोपवा. लुळ्या पायाच्या टाचेखाली तुमचा हात ठेवा आणि सांगा, "टाच गादीवर दाबा." जोर लागत नाही, किंवा अगदी थोडा लागतो. आता हात तिथेच ठेवून दुसरा हात चांगल्या पायावर ठेवा आणि म्हणा, "हा चांगला पाय वर उचला, मी दाबतोय तरी उचला." त्याचं सगळं लक्ष चांगल्या पायाकडे गेलं पाहिजे. त्याच क्षणी लुळ्या पायाची टाच तुमच्या हातावर जोराने दाबली जाते. एक पाय उचलताना दुसरा आपोआप खाली रेटला जातो, ही आपल्या सगळ्यांची उपजत सवय. म्हणजे नस शाबूत आहे, स्नायू शाबूत आहे, आपोआप होणारी हालचाल शाबूत आहे. अडकतं ते ठरवून, लक्ष देऊन केलेल्या हालचालीत.

ही खूण फसवूही शकते. कंबर किंवा मांडी खूप दुखत असेल, किंवा मेंदूच्या आजारामुळे शरीराच्या एका बाजूचं भानच हरपलं असेल, तर ती खोटी येते. म्हणून एकाच खुणेवर निदान टांगू नका. मांडी बाजूला नेण्याची अशीच जोडतपासणी करा: चांगला पाय बाजूला रेटायला लावला की लुळाही बाजूला रेटतो का ते पाहा. हात पुढे, तळवे वर करून धरायला सांगितले आणि एक हात तळवा न वळता नुसता खाली आला, तर तेही नोंदवा. जोर लावताना क्षणभर पूर्ण ताकद येऊन लगेच सुटते का, तेही पाहा. चाल बघा: एफएनडीत पाय पुष्कळदा मागे फरफटत येतो आणि पुढचा चवडा जमिनीला चिकटून राहतो. अर्धांगवायूत पाय बाहेरून अर्धगोल फिरवून पुढे टाकला जातो.

हात थरथरत असेल तर दुसऱ्या हाताची बोटं तुमच्या तालावर आपटायला लावा आणि ताल मधेच बदला. थरथर थांबली, अडखळली किंवा तुमचाच ताल पकडला, तर ती फंक्शनल आहे. पार्किन्सनचा कंप असा तालावर नाचत नाही.

आता कशावर विसंबू नये तेही सांगतो. "एवढं होऊनही रुग्ण शांत आहे" याला निदानात काही किंमत नाही. संवेदना बरोबर मध्यरेषेवर बदलते, हीही कच्ची खूण. लुळा हात चेहऱ्यावर सोडून बघणं तर कृपा करून बंद करा. त्यातून कळत काही नाही, फक्त रुग्णाचा विश्वास जातो.

पायरी ३: फिट येत असतील तर व्हिडिओ मागवा

नातेवाईक "फिट आली", "आकडी आली", "दातखिळी बसली" असं सांगतात, आणि या तिन्ही शब्दांत अपस्मार, बेशुद्धी आणि एफएनडीचे झटके सगळंच येतं. त्यांना सांगा: पुढच्या वेळी मोबाइलवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्हिडिओ काढा, चेहरा आणि सगळं अंग दिसू द्या, मधे एकदा नावाने हाक मारा.

व्हिडिओत डोळे बघा. एफएनडीच्या झटक्यात डोळे बहुधा मिटलेले असतात आणि उघडायला गेलं तर विरोध होतो. अपस्मारात ते बहुतेक उघडे असतात. झटका दोन मिनिटांच्या पुढे लांबणं, मधे थांबून पुन्हा सुरू होणं, मान डावी-उजवी हलणं, हातपायांचा ताल एकमेकांशी न जुळणं, झटक्यात रडणं, या खुणा एफएनडीकडे झुकतात. जिभेची कड चावली जाणं आणि नंतर घोरल्यासारखा श्वास चालणं अपस्मार सुचवतं. कपड्यात लघवी होणं दोन्हींत घडतं, त्यावरून काही ठरवू नका. पक्कं निदान व्हिडिओ-ईईजीवर (झटक्याचं चित्रण आणि त्याच वेळी मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद) होतं आणि ते मोठ्या शहरातच मिळतं. झटका नसताना काढलेला साधा ईईजी नॉर्मल आला म्हणून अपस्मार नाही असं होत नाही, आणि रिपोर्टात किंचित काही लिहून आलं म्हणून तो आहे असंही नाही.

युरोपातल्या एका अभ्यासात अशा झटक्यांचं योग्य निदान व्हायला सरासरी सात वर्षं लागल्याचं दिसलं. तेवढी वर्षं माणूस नको त्या गोळ्या खातो. उलट, असे झटके येणाऱ्यांपैकी सुमारे पाचात एकाला अपस्मारही असतो. म्हणून चालू गोळ्या एकदम तोडू नका, न्यूरोलॉजिस्टच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. आणि कॅज्युअल्टीत रात्री असा रुग्ण आला तर झोपेची इंजेक्शनं एकामागून एक देण्याआधी डोळे आणि ऑक्सिजन बघा. एफएनडीचे झटके असताना औषधाने श्वास मंदावून नळी घालायची वेळ आलेले रुग्ण असतात.

पायरी ४: चकवा देणारे आजार

इथे घाई जिवावर बेतते. मानसोपचारतज्ज्ञ एलियट स्लेटर यांनी १९६५ मध्ये लंडनहून इशारा दिला होता, की हिस्टेरियाचा शिक्का बसलेल्यांपैकी अनेकांना पुढे दुसराच आजार निघाला. २००५ मध्ये जुन्या-नव्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा १९७० नंतर चुकीच्या निदानाचं प्रमाण सुमारे ४ टक्के निघालं. हे कमी आहे, पण ते नीट तपासून निदान करणाऱ्यांचं आहे.

आपल्याकडे माझ्या मनात सगळ्यांत वर असते ती मण्यार. जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते, दंश दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात कळ, मग पापण्या जड, घसा धरलेला, हातपाय ढिले. घाबरलेल्या तरुण मुलीत हे "नाटक" म्हणून ढकललं गेलं तर दुपारपर्यंत श्वास थांबतो. पापण्या खाली आलेल्या दिसल्या की एफएनडी विसरा आणि आधी सर्पदंशाचा विचार करा.

उलटीचं इंजेक्शन घेतल्यावर मान आणि डोळे वर फिरतात, तेही हिस्टेरिया म्हणून लिहिलं जातं. औषधाची यादी विचारा. पोटॅशियम घटून सकाळी हातपाय न उचलणं, रिफ्लेक्स गेलेला गुलियन-बारे (नसांचा आजार), दिवस मावळता वाढणारा मायस्थेनिया (स्नायू दमवणारा आजार), काही दिवसांत वागणं बदलून झटके सुरू होणारा ऑटोइम्यून एन्सेफलायटिस (स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे मेंदूला येणारी सूज), ब१२ ची कमतरता, हे सगळं डोक्यात असू द्या. पायांबरोबर लघवी अडली आणि बैठकीचा भाग बधिर झाला तर त्याच दिवशी एमआरआय.

एफएनडी आणि दुसरा आजार एकाच माणसात असू शकतात, हेही लक्षात ठेवा. ज्या तपासण्या लागतील त्या एकदाच, लवकर करा आणि करतानाच सांगा, "हा रिपोर्ट नॉर्मल येईल असा माझा अंदाज आहे, आणि तो नॉर्मल आला तरी तुमचा आजार खराच आहे." मग थांबा. तिसरा एमआरआय रुग्णाला इतकंच शिकवतो, की डॉक्टरांनाही अजून कळलेलं नाही.

पायरी ५: निदान सांगणं

या पायरीवर मी सगळ्यांत जास्त वेळ देतो. गवंड्याच्या वेळी मी त्याच्या बायकोला आणि भावाला आत बोलावलं आणि हूवरची तपासणी पुन्हा केली. या वेळी बायकोचा हात त्याच्या टाचेखाली ठेवला. त्याने चांगला पाय उचलला आणि ती दचकून म्हणाली, "अहो, जोर लागतोय की!" मी गवंड्याकडे बघून बोललो:

"दादा, तुमच्या आजाराला एफएनडी म्हणतात. हा खरा आजार आहे, तुम्ही सोंग करत नाही. नस तुटली असती तर आत्ता वहिनींच्या हाताला जोर लागलाच नसता. मेंदूकडून पायाकडे जाणारा रस्ता चालू आहे, पण तुम्ही ठरवून पाय हलवायला जाता तेव्हा निरोप अडकतो. जिना आपण न बघता उतरतो. पण कोणी म्हणालं, प्रत्येक पायरीकडे बघत उतर, की पाय अडखळतो. पडल्यानंतर दुखऱ्या पायाकडे तुमच्या मेंदूचं लक्ष असं जखडलं गेलं. ही सवय मोडता येते, वेळ लागेल, आणि मेहनत तुमची असेल."

निदान सांगताना काही वाक्यं तोंडातून येऊ देऊ नका: "काही झालेलं नाही", "मनाचे खेळ आहेत", "मनावर घेऊ नका." पाण्याचं इंजेक्शन देऊन "बघ, बरा झाला" असं सिद्ध करणंही सोडा. ती फसवणूक आहे, आणि दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा लुळा पडला की रुग्ण तुमच्याकडे कधीच परत येत नाही.

पुष्कळ घरांत तुमच्या आधी देवऋषी येऊन गेलेला असतो. अंगारा लावला, नवस बोलला, म्हणून त्यांना हिणवू नका. दर्शनाला जायचं तर जाऊ द्या, व्यायाम चुकवू नका एवढंच सांगा. पण "बाहेरचं आहे" म्हणून साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगा. आणि झटक्यात नाकाला कांदा किंवा चप्पल लावणारे घरचे असतात, तसेच दवाखान्यात अमोनिया हुंगवणारे आणि छातीचं हाड रगडणारे आपणही असतो. दोन्ही थांबवा.

पायरी ६: चालण्याचं पुनर्वसन

फिजिओथेरपिस्टने इथे नेहमीची पद्धत उलटी करायची. पलंगावर झोपवून "मांडी आवळा, दहापर्यंत मोजा" हा व्यायाम लक्ष पुन्हा त्याच स्नायूवर नेतो, म्हणून तो नको. महिनोन्महिने मशीनचा शेक, मालिश, पट्टे, वॉकर यांपासून लांब राहा. फंक्शनल आखडलेल्या पायाला प्लास्टर घातलं तर तो अनेकदा जास्त आखडतो. हाताने आधार द्यावा लागला तर कमीत कमी द्या आणि लवकर सोडा.

पहिल्या दिवसापासून उभं करा. दोन्ही पायांवर उभं राहून वजन डावीकडून उजवीकडे झुलवायचं, एवढंच. झुलता झुलता पाऊल आपोआप उचललं जातं. मग पाय उचलून टाकण्याऐवजी सरकवत चालणं, उलटं चालणं, कडेने चालणं, गाण्याच्या ठेक्यावर चालणं. उलटं चालताना पाय बरोबर पडणं हे पाहून रुग्ण स्वतःच चकित होतो. ते मोबाइलवर टिपून त्याला दाखवा.

आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी गवंड्याच्या हातात थापी दिली. भिंतीसमोर उभं करून गिलावा करतात तसा हात चालवायला सांगितला: खालून वर, डावीकडून उजवीकडे. लक्ष भिंतीवर. हात लांब न्यायचा तर वजन उजव्या पायावर घ्यावंच लागतं, आणि ते त्याने घेतलं. बारा मिनिटं तो उभा होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा. प्रत्येकाच्या हाताला अशी एखादी सवयीची गोष्ट असते: भाकरी थापणं, सायकल, फुगडी, क्रिकेटची बॅट. ती शोधा.

हात थरथरत असेल तर थरथर दाबायला सांगू नका, तोच हात आधी मोठ्या आणि संथ हालचालीत न्यायला लावा, मग ती हालचाल लहान करत थांबवा. आवाज गेला असेल तर खोकला, गुळण्या, हुंकार यांतून येणारा आवाज पकडून तो शब्दापर्यंत आणा. थकवा असेल तर बऱ्या दिवशी दुप्पट आणि वाईट दिवशी शून्य असं होऊ देऊ नका, रोज ठरलेलं तेवढंच.

ब्रिटनमध्ये साडेतीनशे रुग्णांवर झालेली अशा फिजिओथेरपीची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन आठवड्यांत नऊ सत्रं, नंतर पुन्हा एक भेट. वर्षाअखेरीस शारीरिक क्षमतेच्या मुख्य मोजमापात नेहमीच्या फिजिओथेरपीपेक्षा फरक दिसला नाही, मात्र "मला बरं वाटतंय" म्हणणारे जास्त होते. मी ही पद्धत वापरतो, आणि ती जादू नाही हे रुग्णालाही सांगतो. दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत हालचालींच्या तक्रारी असलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के तसेच राहिले किंवा बिघडले. सगळे बरे होतात असं वचन देऊ नका.

पायरी ७: झटक्यांवरचं काम

झटक्याआधी काही सेकंद बहुतेकांना काहीतरी जाणवतं: धडधड, मुंग्या, आवाज लांब जाणं. ते ओळखायला शिकवा. जाणवताच पाय जमिनीवर दाबायचे, हातात थंड किंवा खरबरीत काही धरायचं, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची, श्वास संथ सोडायचा. घरच्यांना सांगा: आजूबाजूचं टोकदार, गरम काही दूर करा, धरून ठेवू नका, शांत आवाजात "तू सुरक्षित आहेस" म्हणा आणि थांबा. झटके काबूत येईपर्यंत विहीर, चूल, मोटारसायकल आणि कडी लावून आंघोळ या चार गोष्टी जपा.

पुढचं काम सीबीटीचं, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या थेरपीचं. ब्रिटनमधल्या ३६८ रुग्णांच्या २०२० च्या चाचणीत तिने वर्षाअखेरीस झटक्यांची संख्या ठामपणे घटवली नाही, पण त्यांचा जाच कमी झाला आणि जगणं सुधारलं. समुपदेशक गावात नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागाला चिठ्ठी द्या. १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. नैराश्य किंवा चिंता खरोखर असेल तरच त्यांच्या गोळ्या. आणि पाठवताना "आता तुम्ही मानसोपचारवाल्यांचे" असा निरोप जाऊ देऊ नका, पुढच्या भेटीची तारीख स्वतः द्या.

पायरी ८: कागद आणि परतीची तयारी

डिस्चार्ज कार्डावर आजाराचं नाव स्पष्ट लिहा. "हिस्टेरिया?" असं प्रश्नचिन्ह लावून लिहिलेला कागद रुग्णाला प्रत्येक दारात नव्याने खोटं ठरवतो. कोणत्या खुणा सापडल्या, कोणत्या तपासण्या झाल्या, काय पुन्हा करू नये, हे चार ओळींत येतं. खाली हेही लिहा: नवी लक्षणं आली तर नव्याने तपासा, सगळं एफएनडीवर ढकलू नका.

आजार उलटतो, हे आधीच सांगून ठेवा. रुग्णाकडूनच एका पानावर लिहून घ्या: काय झालं की वाढतं, पहिली चाहूल कोणती, त्या दिवशी कोणते तीन व्यायाम करायचे, कोणाला फोन करायचा. गवंड्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्याच्या मुलीने वहीत लिहिलं आणि पान घरात कॅलेंडरशेजारी लावलं. पाच महिन्यांनी ताप आला आणि पाय पुन्हा जड झाला, तेव्हा तो दवाखान्यात आला नाही. भिंतीसमोर थापी घेऊन उभा राहिला आणि मुलीकरवी मला फोन करून फक्त एवढं विचारलं, की दिवसातून दोनदा पुरे की तीनदा.